दवाखान्यातील कचरा आणि परवान्यांची साखळी

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

दवाखान्याची पायरी चढलेल्या प्रत्येकाने ती बादल्यांची ओळ पाहिलेली असते. एक पिवळी, एक लाल, शेजारी निळ्या खुणेचा खोका आणि सुयांसाठी पांढरा डबा. वर भिंतीवर एक तक्ता असतो. तो तक्ता आपण वाचत नाही, कारण दवाखान्यात गेलेल्या माणसाचे चित्त थाऱ्यावर नसते. परंतु त्या बादल्यांच्या मागे केंद्र शासनाची अधिसूचना, राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल एवढा पसारा उभा आहे. लोकप्रशासन या विषयात शासन नियंत्रण कसे करते हे आपण शिकतो. तेथे उदाहरणे बहुधा रेशन दुकानाची नाहीतर कारखान्याची असतात. मी या लेखासाठी दवाखान्यातील कचरा घेतला आहे. त्याला एक घरगुती कारणही आहे. ते ओघात येईल.

प्रथम व्याप्ती पाहू. दवाखान्यातून निघणारा सगळाच कचरा घातक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच असतो: कागद, फळांच्या साली, जेवणाचे उरलेले. उरलेला १५ टक्के मात्र रक्ताने, पुवाने, जंतूंनी, औषधांनी किंवा रसायनांनी भरलेला असतो. हा १५ टक्के त्या ८५ टक्क्यांत मिसळला की सगळाच १०० टक्के घातक होतो. विषयाचे मर्म या साध्या हिशोबात आहे, आणि वेगळे करणे हे पहिले कलम त्यातूनच आले आहे.

या कचऱ्यासंबंधी सध्याचे मूळ नियम २८ मार्च २०१६ रोजी निघाले. पुढे २०१८ व २०१९ साली त्यांत दुरुस्त्या झाल्या. नियमांचे नाव 'जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम'. ते कोणाला लागू आहेत याची यादी वाचून मी थक्क झाले. मोठी रुग्णालये असणारच. पण एका खोलीतला दवाखाना, रक्त-लघवी तपासणारी प्रयोगशाळा, रक्तपेढी, आयुर्वेदिक रुग्णालय, जनावरांचा दवाखाना, लसीकरणाचे शिबिर, रक्तदान शिबिर, एवढेच काय शाळेतील प्रथमोपचाराची खोलीसुद्धा त्यात आहे. अशा जागेवर ज्याचा ताबा आहे त्याला मराठीत 'भोगवटादार' म्हणतात. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हा शब्द सातबाऱ्यावरून ठाऊक असतो: भोगवटादार वर्ग एक, वर्ग दोन. जमिनीचा भोगवटादार जमिनीचे पीक खातो. येथला भोगवटादार कचऱ्याची जबाबदारी खातो, एवढाच फरक. कचरा गाडीत चढवून दिला की आपले काम संपले असे त्याला म्हणता येत नाही. माणसाला किंवा पर्यावरणाला अपाय न होता तो हाताळला जावा यासाठी लागेल ते सर्व करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे नियम सांगतात.

येथपर्यंत आपण कसे आलो, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. १९८४ साली भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली आणि त्यानंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) कायदा आला. दवाखान्याच्या कचऱ्याचे नियम या १९८६ च्या कायद्याच्या पोटात जन्मले. पण जन्म व्हायला आणखी बारा वर्षे लागली. मध्यंतरी डॉ. बी. एल. वढेरा यांनी दिल्लीच्या घाणीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १ मार्च १९९६ च्या निकालात न्यायालयाने दिल्लीतील ५० आणि त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयांत कचरा जाळण्याच्या भट्ट्या बसविण्यास सांगितले. पुढे जुलै १९९८ मध्ये देशभरासाठी पहिले नियम निघाले.

न्यायालयाचा हेतू उत्तमच होता. परंतु प्रत्येक रुग्णालयात भट्टी म्हणजे भरवस्तीत प्रत्येक रुग्णालयावर एक धुराडे. छोटी भट्टी दिवसातून तास-दोन तास पेटणार, नीट तापणार नाही, अर्धवट जळणार. जमिनीवरची घाण आकाशात गेली, असे ते झाले. म्हणून पुढे विचार उलटा फिरला: अनेक दवाखान्यांनी मिळून एकच मोठे केंद्र असावे. यास सामायिक प्रक्रिया केंद्र म्हणतात. २०१६ च्या नियमांत तर स्पष्टच आहे की ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र सेवा देत असेल, तर रुग्णालयाने स्वतःच्या आवारात प्रक्रिया यंत्रणा उभारू नये. वीस वर्षांत शासनाने 'भट्टी बसवाच' पासून 'भट्टी बसवू नका' येथवर मजल मारली. धोरण बदलणे म्हणजे शासनाचा धरसोडपणा, असे आपण सहज म्हणतो. येथे मला तसे वाटत नाही. अनुभवाने शहाणे होऊन बदललेले हे धोरण आहे.

आता परवान्यांकडे वळतो. बोलताना आपण सगळ्यांनाच परवाना म्हणतो, परंतु कायद्यात तीन निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही निरनिराळे. सामायिक केंद्र काढणाऱ्याला प्रथम पर्यावरणविषयक 'मंजुरी' लागते. ही अट एप्रिल २०१५ पासून आली. जागा कोणती, धूर कोणीकडे जाईल, पाणी कोठून आणणार, हे त्यात पाहतात. दुसरी 'संमती', ती राज्याचे मंडळ जल आणि वायू कायद्यांखाली देते आणि दोनदा देते. एकदा उभारणीपूर्वी, एकदा चालू करण्यापूर्वी. घराला जोत्यापाशी एक परवानगी आणि राहायला जाताना दुसरी, तसेच हे. तिसरे 'प्राधिकारपत्र', ते खास या कचऱ्यासाठी, २०१६ च्या नियमांखाली. मंजुरी जागेला, संमती धुरापाण्याला आणि प्राधिकार कचरा हाताळण्याला, असा ढोबळ भेद लक्षात ठेवावा. परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे, पण विचारत नाहीत.

दवाखान्यांनाही प्राधिकारपत्र लागते. कचरा मूठभर निघो की गाडीभर, अर्ज करावाच लागतो. तो 'नमुना २' मध्ये करायचा आणि मंडळ 'नमुना ३' मध्ये प्राधिकार देते. खाटा असलेल्या रुग्णालयाचे प्राधिकारपत्र त्याच्या संमतीच्या मुदतीला बांधलेले असते. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच घ्यावे लागते, आणि पूर्ण अर्ज पोहोचल्यापासून ९० दिवसांत मंडळाने हरकत घेतली नाही तर ते मिळाले असे मानतात. नाकारायचे असल्यास कारणे लेखी द्यावी लागतात आणि अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. वर्गात 'नैसर्गिक न्यायाचे तत्त्व' म्हणून आपण जे शिकतो ते हेच.

सामायिक केंद्रासाठी केंद्रीय मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०१६ ची आहेत. ७५ किलोमीटरच्या परिघात १०,००० खाटांपर्यंत एकच केंद्र असावे. तेवढ्या खाटा त्या परिघात नसतील तर केंद्राने १५० किलोमीटरपर्यंतचे दवाखाने घ्यावेत, मात्र कचरा उचलणे, प्रक्रिया करणे आणि विल्हेवाट लावणे हे सारे ४८ तासांत झाले पाहिजे. खाटांचा आकडा पाहून आश्चर्य वाटते, पण त्यामागे भट्टीचे गणित आहे. भट्टी सतत चालली तरच तापलेली राहते, आणि पुरेसा कचरा आला तरच मालकाला परवडते.

भट्टीचे तापमान हा नियमांचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. भट्टीला दोन कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात ८०० अंश सेल्सियसच्या आसपास कचरा जळतो. त्यातून निघालेला धूर दुसऱ्या कप्प्यात जातो. तेथे १,०५० अंशांच्या आसपास तापमान हवे आणि धूर तेथे किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. १९९८ च्या नियमांत एक सेकंद पुरत असे, २०१६ मध्ये दोन केले. धुराडे किमान ३० मीटर उंच. एका सेकंदासाठी एवढा अट्टहास कशाला, असे मलाही वाटले. रसायनशास्त्राच्या सरांना विचारले तेव्हा उलगडा झाला. सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या यांतले पुष्कळसे प्लॅस्टिक क्लोरीनयुक्त असते. ते अर्धवट जळाले की डायॉक्सिन आणि फ्युरान नावाची विषे तयार होतात. ती चरबीत साठतात, गवतातून जनावरात, जनावराच्या दुधातून माणसात येतात, आणि कर्करोगाचे कारण होऊ शकतात. २०१६ च्या नियमांनी त्यांना घातलेली मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतके बारीक मोजमाप कायद्यात लिहावे लागले यावरून विषाची जात कळावी. कचऱ्याच्या पिशव्याही क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या नसाव्यात अशी अट घातली गेली. तिची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली.

यावरून बादल्यांचे रंग समजतात. पिवळ्यात जाळायचे ते: शरीराचे भाग, रक्ताळलेला कापूस आणि पट्ट्या, मुदत संपलेली औषधे. लालमध्ये प्लॅस्टिक: नळ्या, सलाईनचे सेट, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. लाल बादलीतले जाळायचे नाही. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, १२१ अंशांवर तासभर वाफवायचे आणि मग यंत्राने तुकडे करायचे. निळ्यात काच. पांढऱ्यात सुया, पाती, म्हणजे जे टोचते, कापते ते. तो डबा असा की सुई आरपार येऊ नये. आता लाल बादलीतली नळी कोणी पिवळीत टाकली तर काय होईल? ती जाळली जाईल, आणि ७०-८० किलोमीटर दूरच्या कुठल्याशा गावच्या गवतावर तिचे विष उतरेल. चूक एका खाटेपाशी होते आणि भोग दुसऱ्याच तालुक्याला.

वाफवल्यावर तुकडे का करायचे, याचेही उत्तर आहे. २००९ साली गुजरातेतील मोडासा येथे हिपॅटायटिस 'ब' ची साथ आली आणि कित्येक लोक दगावले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे आणि अशा कचऱ्याचा चोरटा व्यापार चालल्याचे त्या वेळी उघडकीस आले. अख्खी सिरिंज भंगारात गेली की ती धुऊन पुसून परत येऊ शकते. तुकडे झालेली येत नाही.

हे सर्व वाचून आपल्या जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे मन थोडे साशंक होते. धाराशिव (२०२३ पर्यंत शासकीय नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात आठ तालुके. पश्चिमेस भूम-परंडा, पूर्वेस कर्नाटकाच्या सीमेला लागून उमरगा, मध्ये बालाघाटचे डोंगर. धाराशिवहून सोलापूर सत्तरेक किलोमीटर, लातूरही जवळजवळ तेवढेच. उमरग्याहून सोलापूर शंभराच्या आसपास. वस्ती विरळ, दवाखाने लहान आणि दूरदूर. २०२२-२३ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. पण रुग्णसेवा वाढते तेथे कचराही वाढतो. कागदावर ७५ आणि १५० किलोमीटरची वर्तुळे काढली तर आपला जिल्हा कोणत्या ना कोणत्या वर्तुळात बसवता येईल. खरा प्रश्न गाडीचा आहे. ४८ तासांत गाडी यायची तर एक दिवसाआड प्रत्येक दवाखान्याच्या दारी आली पाहिजे, आडवळणाच्या गावातही. एखाद्या डॉक्टरची दिवसाची दोन मुठी कापूस आणि पाच-सहा सुया नेण्यासाठी वीस किलोमीटर वाकडी वाट करणे कोणत्या गाडीवाल्याला परवडेल? नियमांत एक फट आहे: ४८ तासांहून जास्त ठेवावे लागले तर योग्य काळजी घ्यावी आणि कारणासह मंडळाला कळवावे. वैशाखातल्या आपल्या उन्हात रक्ताळलेल्या कापसाचे काय होते ते कारण लिहिणाऱ्याला ठाऊक असेलच. नियमाचे ४८ तास मात्र पौषात आणि वैशाखात सारखेच.

जेथे सामायिक केंद्राची सोय पोहोचत नाही अशा ग्रामीण वा दुर्गम भागासाठी 'खोल पुरणे' हा मार्ग ठेवला आहे, आणि त्यालाही पूर्वपरवानगी लागते. खड्डा सुमारे दोन मीटर खोल. निम्मा कचऱ्याने भरल्यावर वर चुना, मग माती. प्रत्येक वेळी कचरा टाकला की १० सेंटिमीटर मातीचा थर. तोंडावर पत्र्याचे किंवा तारेच्या जाळीचे झाकण, जनावर आत जाऊ नये म्हणून. हे वाचताना मला आमच्या आजीचे बोलणे आठवले. बाळंतपणे घरीच होत त्या काळी सुईण वार परसात खड्डा करून पुरत असे आणि वर मोठा धोंडा ठेवी, कुत्र्याने उकरू नये म्हणून. राजपत्रातली जाळी आणि सुईणीचा धोंडा यांचे काम एकच. नियम करणाऱ्यांनी सुईणीला विचारले नसेल, पण दोघांना सुचले तेच.

आणखी एक अट आहे: खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीच्या किमान सहा मीटर वर असावा. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, बोअर शेकडो फूट खाली जातात. तेव्हा ही अट सहज पाळली जाते असे वाटेल. पण पाऊसकाळ चांगला झाला की भाद्रपदात त्याच विहिरीत पाणी हाताशी येते. खड्डा कोणत्या महिन्यात मोजला यावर परवानगी बरोबर की चूक हे ठरू नये, एवढे तरी तपासणाऱ्याने पाहिले पाहिजे.

आता ते घरगुती कारण. माझी आई तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात साफसफाईचे काम करते. शाळा तिने पाहिली नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. तिला अक्षरओळख नाही, पण रंग चुकत नाही. पिवळ्यात काय, लालमध्ये काय, हे ती झोपेतूनही सांगेल. दोन वर्षांपूर्वी पिवळ्या बादलीची पिशवी बांधताना तिच्या बोटात सुई घुसली. सुईची जागा पांढऱ्या डब्यात होती. ती पिवळीत टाकणारा हात तिचा नव्हता. भिंतीवरचा तक्ता वाचता येणाऱ्या कोणाचा तरी होता. बोट धुतले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि "काही होत नाही, मावशी" असे सांगितले. संध्याकाळी ती पुन्हा कामावर गेली. कोठे काही नोंद झाली नाही. पुढे मी हट्ट धरला तेव्हा सरकारी दवाखान्यात तिची रक्ततपासणी झाली. सुदैवाने काही निघाले नाही. पण तपासणीचा कागद येईपर्यंतचे दिवस आमच्या घरात कसे गेले ते लिहीत बसत नाही.

त्यानंतर मी नियम वाचायला घेतले. त्यांत माझ्या आईबद्दल पुष्कळ लिहिलेले आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस 'ब' आणि धनुर्वात यांची लस दिली पाहिजे. कामावर घेतानाच प्रशिक्षण, आणि पुढे दरवर्षी. हातमोजे आणि इतर साधने. वर्षातून एकदा आरोग्य तपासणी. अपघातांचे दोन भाग केले आहेत: गाडी उलटणे, कचरा पाण्यात जाणे असे मोठे अपघात २४ तासांत 'नमुना १' मध्ये कळवायचे, सुई टोचणे हा मोठा अपघात नव्हे, तो वार्षिक अहवालात लिहायचा. हा अहवाल म्हणजे 'नमुना ४'. तो दरवर्षी ३० जूनपर्यंत मंडळाकडे गेला पाहिजे. त्यात वर्षभरात किती अपघात झाले, किती माणसांना बाधा झाली आणि काय उपाय केला, असे रकाने आहेत. ज्यांना अद्याप काहीच प्रशिक्षण मिळालेले नाही असे कर्मचारी किती, असाही एक रकाना आहे. तो पाहून मला बरे वाटले. कोणीतरी दूर दिल्लीत बसून माझ्या आईसाठी एक चौकोन आखून ठेवला होता. तो भरायचा मात्र ज्याने, त्याच्याच विरुद्ध तो जातो. अशा रकान्यात शून्य लिहिणे किती सोपे!

मला या सर्व व्यवस्थेत महत्त्वाचे वाटते ते येथे आहे. मंजुरी, संमती, प्राधिकार ही तिन्ही पत्रे इमारतीला, धुराड्याला आणि मालकाला मिळतात. गाडीला जी. पी. एस. असतो, पिशवीवर बारकोड असतो, धुराड्यावर सतत मोजणारे यंत्र असते. पण भट्टीत काय जाणार हे खाटेपाशी ठरते, आणि तेथे ना यंत्र आहे ना निरीक्षक. तेथे परिचारिका, वॉर्डबॉय आणि माझ्या आईसारख्या बायका आहेत. रंगांची योजना करणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवली याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. निरक्षराला वाचता येईल असा कायदा आपल्याकडे दुर्मीळच. परंतु तपासणीत केंद्राशी केलेला करार आहे का, प्राधिकारपत्र आहे का, हे कागद अगोदर पाहतात. पांढरा डबा इंजेक्शन देणाऱ्याच्या हाताशी आहे की कपाटावर, आणि साफसफाईच्या बाईला लसीच्या तीन मात्रा मिळाल्या का, हे अगोदर विचारावे असे मला वाटते. त्याला पाच मिनिटे लागतात.

शिक्षेचेही सांगितले पाहिजे. १९८६ च्या कायद्याखाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने, १ एप्रिल २०२४ पासून, कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती आली. काहींना हे सौम्य वाटते. माझे मत थोडे निराळे आहे. जी कैद क्वचितच कोणाला भोगावी लागली असेल तिच्यापेक्षा वसूल होणारी शास्ती बरी. मात्र लहान डॉक्टरला १० हजार जाणवतात. मोठ्या रुग्णालयाला किती जाणवतील हे शास्ती ठरवणाऱ्याने पाहावे.

केंद्र कोणाच्या शेजारी असावे, हाही प्रश्न सुटलेला नाही. मार्गदर्शक तत्त्वांत शक्यतो औद्योगिक वसाहतीत, नाहीतर निवासी वस्तीपासून शक्यतो ५०० मीटर दूर असे म्हटले आहे. मुंबईत असे केंद्र गोवंडीला होते, देवनारच्या कचरा डेपोच्या परिसरात, जेथे गरिबांची दाट वस्ती आहे. धुराच्या तक्रारी घेऊन रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ते दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात हलवण्यास सांगितले. शहराचा कचरा शहराच्या गरीब टोकाला, तेथून हलला तर खेड्याकडे. उद्या मराठवाड्यात नवे केंद्र निघाले तर ते कोणत्या गावच्या शिवारात निघेल, याचा अंदाज करायला लोकप्रशासनाची पदवी लागत नाही. नियमांनी ग्रामपंचायतींनाही कामे नेमून दिली आहेत. केंद्रासाठी योग्य जागा देणे हे त्यांतलेच. तेव्हा ग्रामसभेत जागेचा ठराव येईल त्या दिवशी धुराड्याची उंची, दुसऱ्या कप्प्याचे तापमान आणि धुराचे आकडे लोकांना कोठे पाहायला मिळतील, हे तीन प्रश्न विचारणारा गावात कोणीतरी असावा. तो आपल्यापैकीच असेल, कारण बहुतेक गावांतून आता एखादा तरी मुलगा-मुलगी महाविद्यालयात येतेच.

जिल्ह्यातील देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. आरोग्य अधिकारी, प्रदूषण मंडळ, स्थानिक संस्था, डॉक्टरांची संघटना, केंद्र चालविणारे आणि नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. सहा महिन्यांतून एकदा तिने राज्याकडे अहवाल द्यायचा असतो. साफसफाई कामगारांचा प्रतिनिधी त्या यादीत मला आढळला नाही. स्वयंसेवी संस्थेच्या खुर्चीतून तो येऊ शकेल, पण त्यासाठी कोणीतरी तसे मनात आणले पाहिजे.

आता आपल्याच महाविद्यालयापुरते. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपण रक्तदान शिबिर घेतो. वर म्हटल्याप्रमाणे असे शिबिरही या नियमांच्या यादीत आहे. मागच्या शिबिरात मी चहा-बिस्किटांच्या टेबलावर होते. सुया आणि रक्ताळलेला कापूस कोणी, कशात, कोठे नेला याकडे माझे लक्ष गेले नाही, इतर कोणाचे गेल्याचेही ऐकले नाही. या लेखाच्या निमित्ताने मी कार्यक्रम अधिकारी सरांशी बोलले. पुढील शिबिरासाठी रक्तपेढीला पत्र जाईल तेव्हा त्यात एक वाक्य वाढवायचे ठरले आहे: पांढरा डबा आणि पिवळी व लाल पिशवी रक्तपेढीने सोबत आणावी, आणि नेताना किती नेले ते आपल्या वहीत लिहून सही करावी. वही सभागृहाच्या दाराशी ठेवायची आहे. नोंदी घ्यायला दोन मुले हवी आहेत. इच्छुकांनी रासेयो कक्षात नाव द्यावे.